डब्यातली हळद आणि बाटलीतली हळद



आज जरा कडक लिहिणार आहे. वाचून कुणाला राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या काही वर्षांत भिशीत, मंदिराच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की कपाळावर आठी येते. “अगं, वनस्पतीचंच आहे, अपाय काही होत नाही.” या वाक्यापाठोपाठ पर्समधून एक बाटली निघते. कधी हळदीच्या कॅप्सूल, कधी ग्रीन टीचा अर्क, कधी द्राक्षाच्या बियांची पूड, कधी नोनीचा रस. सगळ्यांवर मोठ्या अक्षरात एकच शब्द: अँटिऑक्सिडंट. गुडघेदुखी, मधुमेह, थायरॉइड, कॅन्सर, सुनेला मूल न होणं, सगळ्यावर तेच.

माझं म्हणणं सरळ आहे. “अपाय काही होत नाही” हे वाक्य खोटं आहे. आणि ज्या दवाखान्यांत आपण एवढे पैसे भरतो, तिथे औषधाची चिठ्ठी लिहिताना “बाई, आणखी काय काय घेता?” एवढंही कुणी विचारत नाही, हा त्याहून मोठा दोष आहे. आज या दोन्ही गोष्टींवर बोलायचं आहे.

मी बी.कॉम. झालेली बाई, औषधशास्त्र शिकलेले नाही. पण ताळेबंद वाचायला शिकले, आणि आकडा समोर आला की त्याची दुसरी बाजू शोधायची सवय लागली. त्या सवयीनेच हे लिहिते आहे.

आधी हळदीचा हिशेब

आम्ही सांगलीकर. आमच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे हळदीबद्दल मला कुणी परकं समजू नये. आपल्याकडे ओली हळद कंदमूळ म्हणून न खाणाऱ्या घरांतही वाळलेल्या हळदीशिवाय फोडणी पडत नाही.

पण बाटली विकणारी जेव्हा म्हणते, “रोज खातोच की आपण हळद, तीच कॅप्सूलमध्ये घातली आहे,” तेव्हा मला हिशेब मांडावासा वाटतो.

हळदीत करक्युमिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. साध्या हळदीत ते शेकडा ३ च्या आसपास. कॅप्सूलमध्ये मात्र काढलेला अर्क असतो, शेकडा ९५. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम करक्युमिन. तेवढं डब्यातल्या हळदीतून मिळवायचं तर सुमारे १६ ग्रॅम हळद लागेल, म्हणजे चहाचे पाच चमचे. दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे दहा चमचे. महिन्याचा हिशेब केला तर एका माणसाला जवळजवळ १ किलो हळद! आमच्या सहा माणसांच्या घरात १ किलो हळद तीन-चार महिने पुरते. मग ही “रोजचीच हळद” कशी?

शिवाय बहुतेक बाटल्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘पायपरिनसह’. पायपरिन म्हणजे काळ्या मिरीतलं तिखट द्रव्य. ते कशाला घालतात? करक्युमिन एरवी आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांवर करून दाखवलं की २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर रक्तात पोचणारं प्रमाण सुमारे २० पट वाढतं. जाहिरातीत हा आकडा अभिमानाने छापतात. मी म्हणते, तोच आकडा उलट बाजूनेही वाचा. शरीर जे दारातच अडवत होतं, ते आपण मागच्या दाराने आत घेतलं. आणि हे मागचं दार फक्त करक्युमिनसाठी उघडत नाही. औषधं मोडून बाहेर टाकण्याची यकृताची आणि आतड्याची जी यंत्रणा आहे, तिलाच पायपरिन आळा घालतं. फिट्सवरची फेनिटॉइन, रक्तदाबावरची प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरची थिओफायलिन, यांचं रक्तातलं प्रमाण पायपरिनमुळे वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे गोळी तीच, पण अंगात जास्त.

डब्यातली हळद अन्न आहे. बाटलीतली हळद औषधाच्या मापाची वस्तू आहे. अन्न म्हणून विकायची, औषधासारखी घ्यायला लावायची, आणि जबाबदारी मात्र दोन्हीकडची नाही, असा हा व्यवहार आहे.

प्रयोगशाळेतला जांभळा रंग

“पण त्यावर संशोधन झालंय की!” हे पुढचं वाक्य. खरं आहे, खूप झालंय. पण कुठलं संशोधन, ते बघा.

कुठल्याही फार्मसी कॉलेजात जा. एम.फार्म.ची मुलं-मुली अमुक झाडाच्या पानातले अँटिऑक्सिडंट गुण तपासत असतात. त्यांची नेहमीची एक चाचणी आहे, तिला डीपीपीएच म्हणतात. गडद जांभळ्या रंगाचं द्रावण घ्यायचं, त्यात पानांचा अर्क घालायचा. अर्कात गुण असेल तर जांभळा रंग फिका होत पिवळा पडतो. किती फिका झाला ते यंत्रावर मोजायचं. काम प्रामाणिक आहे, शिकायला चांगलं आहे, आणि शोधाची पहिली पायरी म्हणून गरजेचंही आहे. आपल्या पोरींनी ते जरूर करावं.

पण त्या परीक्षानळीत पोट नाही, यकृत नाही, मूत्रपिंड नाही, आणि साठ वर्षांची बाई तर नाहीच नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या कित्येक वस्तू या परीक्षेत चांगल्या मार्कांनी पास होतील. म्हणून त्या कॅन्सर बरा करत नाहीत. नळीतला रंग बदलणं आणि माणसाचा आजार बरा होणं, यांच्यामध्ये कित्येक वर्षांचं आणि हजारो माणसांवरच्या तपासणीचं अंतर आहे. बाटली विकणारे हे सगळं अंतर एका उडीत पार करतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याने एकेकाळी कोणत्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट ताकद आहे, त्याचा मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. २०१२ मध्ये त्यांनीच तो काढून घेतला. कारण नळीत मोजलेल्या त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी मेळ बसत नव्हता, आणि कंपन्या मात्र ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या. आज आपल्या भिशीत फिरणाऱ्या पत्रकांवर तसलेच आकडे दिमाखात छापलेले असतात!

माणसांवर तपासलं तेव्हा

विचार मूळचा चांगला होता, हे मी मान्य करते. आपल्या शरीरात प्राणवायू वापरताना काही उपद्रवी कण तयार होतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते पेशींना इजा करतात. भाज्या-फळांतली द्रव्यं त्यांना शांत करतात. भाजी-फळं भरपूर खाणाऱ्यांत काही आजार कमी दिसतात. मग ती द्रव्यं गोळीत भरून दिली तर आजार आणखी कमी होतील, असं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटलं. त्यांच्यात आणि बाटलीवाल्यांत फरक एवढाच की शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. गाजर-भोपळ्यात असतं ते बीटा-कॅरोटीन रोज २० मिलिग्रॅम पाच ते आठ वर्षं दिलं. १९९४ मध्ये निकाल आला. ज्यांनी ते घेतलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर शेकडा १८ ने जास्त निघाला. कमी नाही, जास्त.

अमेरिकेत तसाच दुसरा प्रयोग चालू होता, १८,३१४ माणसांवर, बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व मिळून. तिथे फुप्फुसाचा कॅन्सर शेकडा २८ ने आणि मृत्यू शेकडा १७ ने वाढलेले दिसले. १९९६ च्या जानेवारीत, ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधीच, तो प्रयोग थांबवावा लागला.

तिसरा प्रयोग ई जीवनसत्त्वाचा, ३५,५३३ पुरुषांवर. प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल अशी आशा होती. २०११ मध्ये कळलं की ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो शेकडा १७ ने वाढला.

आणि २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने असे ७८ प्रयोग, मिळून २,९६,७०७ माणसं, एकत्र तपासली. निष्कर्ष: अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आयुष्य वाढतं याला पुरावा नाही, आणि बीटा-कॅरोटीन व ई जीवनसत्त्वाने मृत्यूचं प्रमाण किंचित वाढत असावं.

असं का व्हावं? एक कारण समजण्यासारखं आहे. त्या उपद्रवी कणांचा शरीर उपयोगही करतं. पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात. व्यायामानंतर स्नायूंना मिळणारा इशाराही त्यांच्यामार्फत जातो. २००९ मधल्या एका जर्मन अभ्यासात व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले, तर साखर नियंत्रणात व्यायामाचा जो फायदा व्हायचा तोच नाहीसा झाला. चुलीतला सगळाच जाळ विझवला तर स्वयंपाक कशावर करायचा?

मी बटाटे-कांद्याची नाही, पण दुधी, भोपळा, आवळा, पालेभाजी, डाळिंब यांची वकिली जरूर करेन. ताटातल्या भाजीने कुणाचं वाईट केलेलं नाही. प्रश्न ताटातल्या भाजीचा नसून बाटलीतल्या अर्काचा आहे.

यकृताला जात नसते

वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आपल्या समाजात जास्त घट्ट आहे, कारण आपण हिरवा ठिपका पाहून वस्तू घेतो. ते योग्यच आहे. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं की वनस्पतीचं, हे मीही भिंगातून वाचते. पण हिरवा ठिपका एवढंच सांगतो की या वस्तूसाठी प्राणी मारलेला नाही. खाणाऱ्याच्या यकृताचं काय होईल, हे तो सांगत नाही.

अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारी एक साखळी आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ५ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एक रुग्ण दगावला. ग्रीन टीच्या अर्काबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. कपातल्या चहाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आपल्या मुंबईत यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताच्या आजाराची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, दोन्ही बाजूंनी वाद झाला. वाद होऊ दे, तज्ज्ञांनी तो करावाच. पण “अपाय काही होत नाही” असं छातीठोकपणे सांगायचा अधिकार त्या वादात कुणालाच उरत नाही.

हे रुग्ण थोडे आहेत, हे मला ठाऊक आहे. रोज लाखो लोक या गोळ्या घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही. पण ज्यांना बाधतं त्यांना आधी ओळखायचं कसं? कुणी तरी त्यांची बाकीची औषधं, आजार, रक्ताचे रिपोर्ट पाहायला हवेत. बाटली विकणारी भिशीतली मैत्रीण ते पाहत नाही. आणि खरी गोम अशी की दवाखानाही पाहत नाही.

चिठ्ठी कुणाच्या दिवसाची?

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं उदाहरण सांगते. वय ७१, मधुमेह जुना. पित्ताशयाच्या खड्यांची शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर नऊ औषधं. मधुमेहाची गोळी आधी सकाळी एकच होती, ती आता १-०-१ झाली. मेडिकलवाल्याने पाकिटावर लिहिलं, ‘सकाळी १, रात्री १’.

जाऊबाई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. औषध-पाण्याची तेवढी सूट ठेवलेली. संध्याकाळी सहाला जेवण. गोळी मात्र पाकिटावर लिहिल्याप्रमाणे रात्री नऊला. म्हणजे साखर खाली आणणारी गोळी रिकाम्या होत चाललेल्या पोटावर, आणि पुढे सकाळपर्यंत अन्न नाही. त्यात भर म्हणून कारलं-जांभूळबियांची पूड दिवसातून दोनदा चालू होती. ती भिशीतूनच आलेली, “अँटिऑक्सिडंट आहे, मधुमेहाला फार छान” म्हणून.

तिसऱ्या रात्री दोन वाजता अंगाला दरदरून घाम, हातपाय कापायला लागले, बोलणं असंबद्ध. पुतण्याने बोटाचं रक्त तपासलं तर साखर ४६! साखरपाणी पाजलं, अर्ध्या तासात सावरल्या. त्या वेळी साखरपाणी हेच औषध होतं, त्यामुळे नियमाचा प्रश्न आला नाही. त्या खोलीत एकट्या झोपल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार आम्ही कुणी मोठ्याने केला नाही.

आता दोष कुणाचा? डॉक्टरांनी त्यांच्या हिशेबाने बरोबर लिहिलं, कारण त्यांच्या मनातला रुग्ण रात्री नऊला जेवतो. मेडिकलवाल्याने आकड्याचं अक्षर केलं. जाऊबाईंनी शब्दशः पाळलं. प्रत्येकाने आपापलं काम केलं, आणि म्हातारी बाई मरता मरता वाचली. कारण दोन प्रश्न कुणीच विचारले नाहीत. संध्याकाळी किती वाजता जेवता? आणि आणखी काय काय घेता?

हे फक्त मधुमेहाचं नाही. दशलक्षण पर्वात आपल्यात कितीजणी एकाशन करतात, कितीजणी दहा दिवस उपवास करतात! लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या आहेत, त्या चालू ठेवून लांबचा उपवास केला तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेऊन पाण्याशिवाय उपवास केला तर चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची. लोहाची गोळी ग्रीन टीबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, आणि रक्त कमी असणाऱ्या बायका आपल्यात काय कमी आहेत? रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर हळदीच्या कॅप्सूलपासून दूरच राहावं. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रण खात्याने २०१८ मध्ये इशारा दिला, कारण तिथे अशा एका रुग्णाने हळदीची गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे आयएनआर, १० च्या वर गेली. ती साधारणपणे २ ते ३ मध्ये ठेवायची असते. आणि केमोथेरपी चालू असताना अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्यायच्या असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही तोंडात टाकू नये.

यातली प्रत्येक गोष्ट टाळता येते. त्यासाठी हवा आहे एक माणूस, ज्याचं कामच सगळी औषधं एकत्र मांडून ताळा जमवण्याचं आहे. जमा एकीकडे, खर्च दुसरीकडे, आणि बेरीज जुळते का ते पाहायचं.

हा माणूस आहे, पण खिडकीमागे बसवलेला

तो माणूस म्हणजे औषधनिर्माता, आपण ज्याला फार्मासिस्ट म्हणतो. आपल्या देशात १९४८ पासून फार्मसी कायदा आहे. चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायची, असं तो सांगतो. २०१५ च्या नियमांत तर चिठ्ठी तपासणं आणि रुग्णाला समजावून सांगणं हेही त्याचं काम म्हणून लिहिलेलं आहे. २००८ पासून आपल्याकडे फार्म.डी. नावाचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शेवटचं वर्ष रुग्णालयात काढून ही मुलं-मुली वॉर्डात रुग्णाशेजारी बसून औषधांचा मेळ घालायलाच शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या टाळता येणाऱ्या गंभीर अपायांचं प्रमाण पाच वर्षांत निम्म्यावर आणायची हाक दिली होती.

कायदा आहे, शिकलेली मुलं आहेत. मग रुग्णालयात काय दिसतं? तळमजल्यावर एक काचेची खिडकी. समोर तीस माणसांची रांग. आतला मुलगा कात्रीने पट्ट्या कापतो, बिल फाडतो, “पुढचे” म्हणतो. त्याने तोंड वर करून बोलावं तर मागची रांग ओरडते. रुग्णालयाच्या चालकांना औषधविक्रीचा नफा हवा असतो, पण औषध समजावणारा माणूस म्हणजे त्यांना फुकटचा पगार वाटतो. ताळेबंदात तो खर्चाच्या बाजूला दिसतो ना! त्याच्यामुळे टळलेली पुन्हा भरती, वाचलेला जीव, याला मात्र ताळेबंदात रकाना नाही. मी वाणिज्य शाखेची आहे, म्हणून ठामपणे सांगते, हा हिशेब चुकीचा मांडलेला आहे.

आणि याच रिकाम्या जागेत बाटलीवाले शिरतात. दवाखान्यात कुणी पाच मिनिटं बसून ऐकत नाही. बाटली विकणारी मैत्रीण तासभर ऐकते, हात हातात घेते, तीन दिवसांनी फोन करते. बाई तिच्याकडे जाणार नाही तर कुठे जाणार? म्हणून मी त्या बाईंना मूर्ख म्हणत नाही. त्या मैत्रिणीलाही मी वाईट म्हणत नाही. तिलाही कुणी तरी वरून सांगितलेलं असतं, आणि चार पैसे सुटतात. पण ओळखीचा विश्वास कमिशनवर विकू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते.

दोन-तीन आक्षेप आधीच घेते

“तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात.” मुळीच नाही. चांगला वैद्य काय करतो? नाडी पाहतो, भूक विचारतो, जेवणाच्या वेळा विचारतो, काय पचतं काय पचत नाही ते विचारतो, मग मात्रा आणि पथ्य सांगतो. म्हणजे ते दोन प्रश्न वैद्य आधीच विचारतो! बाटली काहीच विचारत नाही. ती आयुर्वेदाचं नाव लावते, रीत मात्र घेत नाही.

“आपलीच हळद, आणि आपणच शंका घ्यायची?” १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळालं होतं. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली, ते लढवून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. कशाच्या जोरावर? जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवून. हळद आपली आहे हे पुराव्याने सिद्ध झालं. मग तीच हळद कॅप्सूलमध्ये गेली की पुरावा मागणं हा अपमान कसा?

“इंग्रजी औषधांचेही दुष्परिणाम असतात.” असतात, आणि म्हणूनच ती चिठ्ठीशिवाय मिळू नयेत असा नियम आहे. दुष्परिणाम छापलेले असतात, तपासण्या सांगितलेल्या असतात. बाटलीवर मात्र कायद्याने एक ओळ छापावी लागते, की ही वस्तू औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१६ चा हा नियम आहे. बाटली फिरवून बघा, बहुधा इंग्रजीत, मागच्या बाजूला सापडेल. ‘औषध म्हणून नाही’ असं स्वतःच लिहिणारी वस्तू मधुमेहावर औषध म्हणून विकली जाते, आणि आपण शिकल्या-सवरल्या बायका ती घेतो!

आता काय करायचं

एक वहीचं पान घ्या. घरातल्या प्रत्येक ज्येष्ठ माणसाचं वेगळं. त्यावर चिठ्ठीतली औषधं लिहा, आणि त्याखाली तितक्याच ठळक अक्षरात चूर्ण, काढा, कॅप्सूल, रस, जे जे पोटात जातं ते सगळं. बाजूला जेवणाच्या वेळा, नियम आणि येणारे उपवास. हे पान प्रत्येक डॉक्टरपुढे आणि प्रत्येक औषधाच्या खिडकीपुढे ठेवा. ‘१-०-१’ वर समाधान मानू नका. “मी सहाला जेवते, रात्रीची गोळी किती वाजता?” असं विचारा. उपवास धरायच्या आधी, निदान पंधरा दिवस, हाच प्रश्न विचारा. व्रत लपवून डॉक्टर सांभाळता येत नाही, आणि डॉक्टर सांभाळायला व्रत सोडावं लागतं असंही नाही. वेळ आणि मात्रा बदलून पुष्कळदा मार्ग निघतो, पण सांगितलं तरच.

कुठल्याही गोळीने, मग ती चिठ्ठीतली असो की झाडपाल्याची, त्रास झाला तर देशाची औषध-दक्षता यंत्रणा २०१० पासून त्याची नोंद घेते. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत क्रमांक. आपण कळवतच नाही, आणि मग म्हणतो की कुणाला काही झालं नाही.

आणि शेवटची गोष्ट समाजातल्या मोठ्यांसाठी. आपले लोक रुग्णालयांना देणग्या देतात. खोल्यांवर, लिफ्टवर, पाण्याच्या टाकीवर आईवडिलांची नावं कोरतात. चांगलं आहे. यापुढे देणगी देताना एक अट घाला. या पैशातून एक फार्म.डी. झालेली मुलगी नेमा, तिला खिडकीमागे नव्हे, बाहेर टेबल-खुर्ची द्या, आणि घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाजवळ तिने दहा मिनिटं बसावं. संगमरवराच्या पाटीपेक्षा स्वस्त पडेल. जीवदयेचं काम आपण गोशाळेत करतो, पांजरपोळात करतो. औषधाच्या खिडकीपुढे उभी असलेली म्हातारी बाईही जीवच आहे.